‘नो रेकॉर्ड फाउंड’ म्हणजे नेमके काय? : एका दफ्तराच्या शोधपडद्याची तपासणी

बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर अशा ठिकाणी राहून मराठी कागदपत्रांचा अभ्यास करणाऱ्या आपल्यासारख्यांचे काम हल्ली रुमाल सोडण्यापासून सुरू होत नाही. ते संगणकाच्या पडद्यावरच्या एका रिकाम्या चौकटीपासून सुरू होते. चौकटीत नाव टाकायचे, बटण दाबायचे आणि काय येते ते पाहायचे. पुस्तक निघाले की आपण त्यावर परीक्षण लिहितो, संपादकाने एखादी तारीख चुकवली तर पानभर वाद घालतो. या चौकटीवर मात्र कोणी लिहीत नाही, जणू ती अभ्यासाच्या बाहेरची गोष्ट. माझ्या मते ती अभ्यासाच्या अगदी आतली आहे, आणि म्हणून हे टिपण.

तपासणीसाठी घेतलेली शोधसुविधा एका जुन्या संस्थानी दफ्तराची आहे. संस्थेचे नाव देत नाही. ती आमच्या शहरातली नाही, आणि अशाच साच्याच्या स्क्रीन मी आणखी दोनतीन ठिकाणी पाहिल्या आहेत. शिवाय नोंदणी करणाऱ्या मंडळींवर मला टीका करायचीच नाही. त्यांनी कागद वाचून, विषय काढून, मूळ तारीख जशीच्या तशी उतरवून घेतली आहे. काम प्रामाणिक आहे. प्रश्न आहे तो या कामाच्या आणि वाचकाच्या मध्ये उभ्या असलेल्या पडद्याचा.

प्रश्न ऐरणीवर आला तो असा. आमच्या मंडळाशी संबंधित एका घराण्याने काही वर्षांपूर्वी कुलवृत्तान्ताची पुरवणी काढली. खापरपणजोबांकडे एका गावची इनाम जमीन होती, अशी सांगी घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली. घरातल्या तरुणांनी दफ्तराच्या संकेतस्थळावर शोध घेतला, काही मिळाले नाही, आणि पुरवणीत छापून टाकले की या हकीकतीला दफ्तरात आधार सापडत नाही. पुढे त्याच संस्थेच्या वाचनकक्षात, हाताने लिहिलेल्या यादीत, त्याच घराण्याचा त्याच गावासंबंधीचा कागद निघाला. गावाचे नाव जुन्या वळणाने लिहिलेले होते आणि साल फसली होते. कागद संगणकातही नोंदवलेला होता! शोधणारे आणि नोंद यांची गाठ पडली नाही, एवढेच. पण छापील पुरवणी आता चुलतघराण्यांत पोचलेली आहे, आणि त्यातले वाक्य पुढचा कोणी तरी पुरावा म्हणून वापरणार.

माझे अर्धे आयुष्य रासायनिक कारखान्यांच्या कंट्रोल रूममध्ये गेले. तिथे काम करणाऱ्या प्रत्येकाला एक प्रसंग ठाऊक असतो. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्रात २८ मार्च १९७९च्या पहाटे दोन नंबरच्या अणुभट्टीची दाब सोडणारी एक झडप उघडली आणि परत बंद झालीच नाही. पॅनेलवरचा तिचा दिवा मात्र विझला. कारण दिव्याची तार झडपेपर्यंत गेलेलीच नव्हती. बंद होण्याचा विद्युत आदेश सुटला की नाही, एवढेच तो दिवा सांगत होता. ऑपरेटरांनी त्याचा अर्थ घेतला, झडप बंद झाली. त्यांच्या जागी कोणीही तोच घेतला असता. दोन तासांहून अधिक वेळ थंड करणारे पाणी बाहेर जात राहिले आणि अणुभट्टीचा गाभा अंशतः वितळला. पुढच्या चौकशीत ऑपरेटरांच्या चुका निघाल्या, तसा कंट्रोल रूमच्या मांडणीचाही पंचनामा झाला. पहिल्या काही मिनिटांत शंभराहून अधिक धोक्याचे इशारे एकदम वाजत होते, त्यातला महत्त्वाचा कोणता हे कळायला मार्ग नव्हता.

दफ्तराच्या स्क्रीनवर लाल अक्षरांत येणारे ‘नो रेकॉर्ड फाउंड’ हा त्याच जातीचा दिवा आहे. यंत्राने दिलेला शब्द दिलेल्या रकान्यात जुळवून पाहिला आणि जुळला नाही, एवढेच त्याला म्हणायचे असते. वाचक समजतो, कागद नाही. खरे तर या एका वाक्यामागे चार वेगवेगळ्या परिस्थिती दडलेल्या असतात. कागद दफ्तरात मुळात नसेल. कागद असेल, पण त्या रुमालाची नोंद अजून संगणकात चढली नसेल. नोंद असेल, पण वेगळ्या वळणाने लिहिलेल्या नावाखाली किंवा वेगळ्या कालगणनेत असेल. किंवा आपण ड्रॉपडाउनमध्ये भलताच विभाग निवडला असेल. इतिहासकाराच्या दृष्टीने या चारांत जमीनअस्मानाचा फरक आहे. पडदा चारही एकाच वाक्यात गुंडाळतो.

आता स्क्रीन प्रत्यक्ष पाहू. वरच्या बाजूला विभाग, त्याखाली उपविभाग, रुमाल क्रमांक, फाइल क्रमांक, भाषा, वर्ष ‘पासून’, वर्ष ‘पर्यंत’ आणि सगळ्यात शेवटी शब्द. विभागाच्या रकान्यावर लाल चांदणी, म्हणजे तो भरल्याशिवाय पुढे जाताच येत नाही. यादीत दफ्तराच्या अंतर्गत विभागांची इंग्रजी संक्षिप्त नावे. पणजोबांचा कागद फडणिशीत आहे की मुलकी खात्यात हे ज्याला आधीच ठाऊक आहे, त्याला शोधायची गरज किती? ही मांडणी दफ्तर लावणाऱ्याच्या डोक्यातली आहे. कपाट लावताना ती बरोबरच आहे. कपाटात शोधायला आलेल्या माणसाला तीच प्रवेशपरीक्षा म्हणून देणे बरोबर नाही.

वर्षाच्या रकान्याकडे जरा थांबून पाहायला हवे, कारण आपल्या कागदांचा खरा घोळ इथे आहे. पानिपतची लढाई घ्या, तारीख सगळ्यांना पाठ असते. १४ जानेवारी १७६१, म्हणजे शके १६८२, पौष शुद्ध अष्टमी. त्या काळच्या मराठी कागदात सुहूर सन येतो, आणि तोही आकड्यांत नव्हे, अरबी संख्याशब्दांत : इहिदे सितैन मया व अलफ, म्हणजे ११६१. मुलकी हिशेबात फसली आला तर ११७०. गुजराती व्यापाऱ्याच्या वहीत तोच दिवस विक्रम संवत १८१७ मध्ये पडेल. एकाच दिवसाला पाच साले, आणि पाचही खरी. नोंदणी करणाऱ्यांनी कागदावरचे साल तसेच उतरवले, हे योग्यच केले. पण शोधाचा रकाना सगळ्या आकड्यांना इसवी सन समजतो. आपण ११७० टाकले तरी तो तक्रार करत नाही, निमूटपणे इसवी सन ११७० शोधतो आणि शून्य नोंदी दाखवतो. हा निमूटपणा सगळ्यात वाईट. ज्या संस्थानाचा जन्मच अठराव्या शतकातला, त्याच्या दफ्तरात बाराव्या शतकाचा कागद कोणी कशाला मागेल, एवढी शंका यंत्राला घ्यायला शिकवता येते.

बरे, आकडा पाहून कालगणना ओळखावी म्हटले तर तेही सरळ नाही. १६८२ हे शक असेल तर पानिपतचे साल, इसवी असेल तर संभाजी महाराजांची कारकीर्द. ११६१ हा सुहूर असेल तर पुन्हा पानिपत, पण फसली असेल तर १७५१-५२. सुहूर आणि फसलीत नऊ वर्षांचा फरक, आणि नऊ वर्षांत पेशवाईत काय काय होऊन जाते हे आपल्याला सांगायला नको.

नावांचे असेच. बडोदे, बडोदा, वडोदरा. इंग्रजी कागदांत गायकवाडांच्या नावाचीच किती रूपे येतात : गायकवाड, गायकवार, गायकोवार, ग्विकोवार. त्यातले एक टाकले तर बाकीची येत नाहीत. आणि देवनागरीत तर डोळ्यांना न दिसणारा घोटाळाही असतो. ‘कऱ्हाडकर’ हे आडनाव संगणकात दोन रीतींनी उतरते : एक, ‘ऱ’ या वेगळ्या अक्षराला हलन्त लावून, दुसरी, साध्या ‘र’पुढे हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह घालून. कागदावर छापा, भिंग लावून पाहा, फरक दिसणार नाही. यंत्राला मात्र ती दोन वेगळी आडनावे. ‘ॲ’चेही तेच. हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली दाखल झाले. त्याआधीचा आणि काही ठिकाणी त्यानंतरचाही मजकूर ‘अ’वर चंद्र देऊन किंवा ‘ऍ’ वापरून लिहिलेला आहे. नोंदी दहा-पंधरा वर्षांत वेगवेगळ्या माणसांनी वेगवेगळ्या कीबोर्डवर चढवल्या की हे होणारच. त्यात कोणाचा दोष नाही. शोध घेण्यापूर्वी सगळी रूपे एका रूपात आणणे हे प्रोग्रॅमचे काम, आणि ते अवघड नाही.

इथपर्यंतचे दोष खुर्चीत बसून काढता येतात. याकोब निल्सन आणि रोल्फ मोलिक यांनी १९९०मध्ये अशा तपासणीची रीत मांडली : काही ठरावीक कसोट्या समोर ठेवायच्या आणि जाणकाराने स्क्रीन त्यांवर घासून पाहायची. रीत स्वस्त आहे, उपयोगी आहे. तिने माझी तीन पाने भरली. पण त्या तीन पानांत कॅप्चाची वेडीवाकडी अक्षरे, निळ्यावर राखाडी मजकूर, इंग्रजी सूचना आणि सक्तीचा विभाग असे सगळे एकाच वजनाने बसलेले होते. यातले कोणते माणसाला खरोखर अडवते आणि कोणते नुसते खटकते, हे खुर्चीतून कळत नाही. त्यासाठी माणूस बसवावा लागतो आणि आपण गप्प राहावे लागते.

आम्ही तीन कागद निवडले. तिघांच्या छायाप्रती आमच्याकडे होत्या, रुमाल क्रमांक माहीत होता, आणि त्या क्रमांकावरून संगणकात नोंद आहे याची खात्री करून घेतली होती. एक तिथी-शक असलेले मराठी पत्र, एक फसली सालाचा गावचा हिशेब, एक इंग्रजी रेसिडेन्सीचे पत्र. म्हणजे शोधणाऱ्याला कागद मिळाला नाही, तर ‘कागदच नसेल’ ही सबब उरत नाही. चार जणांना एकेक करून बसवले : एक निवृत्त मुख्याध्यापिका, ज्यांना आम्ही सगळे काकू म्हणतो, मोडी सहज वाचणारे अप्पा, गुजराती माध्यमात शिकलेली, घरात मराठी बोलणारी आणि सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करणारी एक मुलगी, आणि इतिहासाचा एक एम.ए.चा विद्यार्थी. काम सांगताना कागदातले शब्द सांगायचे नाहीत, फक्त ‘अमुक गावाच्या पानिपतच्या सुमाराच्या वसुलाचा कागद शोधा’ एवढेच. आणि मदत करायची नाही. हे शेवटचे फार जड जाते. आपली पाळी झाल्यावर अप्पा काकूंच्या मागे उभे राहून ‘अहो, ते खाली बघा ना’ असे सुरू झाले, तेव्हा त्यांना चहा सांगायला पाठवावे लागले.

वसुलाचा हिशेब चौघांपैकी कोणालाही सापडला नाही. इंग्रजी पत्र फक्त विद्यार्थ्याला मिळाले, तेही त्याने नुकत्याच वाचलेल्या एका जुन्या पुस्तकातले ग्विकोवार हे रूप आठवून टाकले म्हणून. पण न सापडण्यापेक्षा मला महत्त्वाचे वाटले ते न सापडल्यावर चौघे काय म्हणाले ते. काकू म्हणाल्या, ‘अहो, नाही म्हणतंय ना ते, मग नसेल.’ अप्पांनी ११७० टाकले, शून्य आले, तेव्हा त्यांनी निदान केले की त्या सालचं दफ्तर जळालं असणार. मुलीने स्पेलिंग तीनदा बदलले आणि संकेतस्थळच बंद पडले असेल असे ठरवले. विद्यार्थी म्हणाला, विभाग चुकला असेल, आणि मग एकेक विभाग निवडत बसला. प्रत्येक वेळी फॉर्म कोरा होत होता, सगळे पुन्हा भरायचे. सातव्या की आठव्या विभागाला त्याने सोडून दिले. वाक्य एक, निष्कर्ष चार, आणि तीन तर साफ चुकीचे.

दुसरी गोष्ट मी खुर्चीतून पाहिली असती तर ‘किरकोळ’मध्ये टाकली असती. ‘सर्च’ आणि ‘रीसेट’ ही बटणे शेजारी शेजारी, एकाच निळ्या रंगाची, एकाच मापाची. काकूंनी सगळे रकाने नीट भरून दोनदा रीसेट दाबले. दुसऱ्या महायुद्धात बी-१७ जातीच्या विमानांचे वैमानिक विमान उतरल्यावर फ्लॅपऐवजी चाकेच आत ओढून घेत. आल्फॉन्स चपॅनिस या मानसशास्त्रज्ञाने कॉकपिट पाहिले तर दोन्ही कळी एकमेकींच्या शेजारी आणि दिसायला सारख्या. त्याने एका कळीला छोटे रबरी चाक बसवले, दुसरीला पाचरीसारखा आकार दिला. १९४७मध्ये पॉल फिट्स आणि रिचर्ड जोन्स यांनी वैमानिकांच्या ४६० चुकांचे वर्गीकरण छापले, त्यात या प्रकारची अदलाबदल ठळक दिसते. ऐंशी वर्षे होत आली या गोष्टीला, आणि आमच्या काकू अजून रीसेट दाबताहेत. कहर म्हणजे ‘मला कम्प्युटर जमतच नाही’ असे त्या वर म्हणतात.

दोष सांगणे सोपे. सुधारणा सुचवणे त्याहून सोपे, आमच्या बैठकीत चहा संपायच्या आत वीस सूचना आल्या. अवघड आहे ते सूचना खरोखर सुधारणा आहे की नाही हे पाहणे. संकेतस्थळ आमचे नाही, तेव्हा आम्ही कागदावर स्क्रीन काढली. रकाने चिठ्ठ्यांचे, बटणे पुठ्ठ्याची, नोंदींची कार्डे चपलांच्या खोक्यात. एकाने ‘संगणक’ व्हायचे : समोरचा बोटाने बटण दाबेल ते पाहून योग्य चिठ्ठी पुढे सरकवायची, तोंड उघडायचे नाही. या फेरीला नवी माणसे घेतली, कारण पहिल्या चौघांना जुनी स्क्रीन कळून चुकली होती, आणि नव्या स्क्रीनवर ते जलद गेले असते तर श्रेय कोणाला, हे सांगता आले नसते. दर वेळी बदलायची ती एकच गोष्ट.

यात नवे काही नाही. १९८४च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकसाठी आयबीएमच्या जॉन गूल्ड आणि सहकाऱ्यांनी खेळाडूंकरिता आवाजी निरोपांची यंत्रणा केली, बारा भाषांत चालणारी. प्रोग्रॅम लिहिण्याआधी त्यांनी माहितीपत्रके आणि संवादाचे नमुने कागदावर लिहून लोकांपुढे ठेवले, ऑफिसच्या बोळात नमुना उभा करून येणाऱ्याजाणाऱ्याला वापरायला लावला, वेगवेगळ्या देशांच्या माणसांवर ती तपासली. तारीख हलणारी नव्हती, तरीही त्यांनी हा वेळ काढला. आपल्याकडे ऐतिहासिक कागदांच्या संगणकीकरणाच्या ज्या निविदा मी वाचल्या, त्यांत किती पाने स्कॅन करायची, किती डीपीआयवर, हे सगळे काटेकोर असते आणि शोधाबद्दल ‘सर्च सुविधा असावी’ एवढी एक ओळ. कारखान्यात पॅनेल ताब्यात घेताना ऑपरेटरला समोर बसवून चालवून पाहिल्याशिवाय आम्ही सही करत नसू.

विभागाची सक्ती काढल्याबरोबर मराठी पत्र सगळ्यांना मिळू लागले. एवढ्या एका चांदणीने किती अडवले होते! नावांच्या रूपांसाठी, शब्द टाकल्यावर खाली ‘याच नावाची दफ्तरातली इतर रूपे’ अशी ओळ दिली आणि त्यावर बोट ठेवून सगळ्यांनी इंग्रजी पत्रही काढले.

कालगणनेत मजा झाली. आमच्यातल्या अभ्यासकांची आवडती सूचना होती : वर्षाशेजारी ड्रॉपडाउन द्यावा, त्यात इसवी, शक, फसली, सुहूर, संवत, राज्याभिषेक शक. शास्त्रशुद्ध, देखणे. नवी माणसे तिथेच अडली. ‘सुहूर म्हणजे काय हो?’ असे एका बाईंनी ‘संगणका’ला विचारले, आणि संगणकाला बोलायची बंदी. दुसऱ्या गृहस्थांनी काही तरी निवडायला हवे म्हणून सगळ्यात वरचे निवडले. म्हणजे जुन्या स्क्रीनवर यंत्र जो चुकीचा समज करून घेत होते, तो आता माणूस करू लागला. ड्रॉपडाउन काढला. त्याऐवजी साधा एक रकाना, आणि आकडा संदिग्ध असेल तरच पुढे चिठ्ठी : ‘१६८२ – इसवी सन की शके (इ.स. १७६०-६१)?’ निकालात मूळ कागदावरचे साल आणि शेजारी इसवी सन, दोन्ही. अप्पांसारख्यांनी ११७० टाकले तर चिठ्ठी विचारते, फसली का? ज्याला फसली माहीत नाही तो असा आकडा टाकतच नाही, त्यामुळे त्याला ही चिठ्ठी कधी दिसत नाही. वसुलाचा हिशेब या फेरीत सापडू लागला.

शून्याच्या वाक्यासाठी मंडळातल्या एका वकील सदस्याने चार ओळींचा खुलासा लिहिला होता, चारही शक्यता सांगणारा, एक शब्द इकडचा तिकडे नाही. कोणी वाचला नाही. नजर लाल रंगावर जायची आणि परत फिरायची. मग दोन वाक्ये ठेवली, काळ्या शाईत : ‘या शब्दाने नोंद मिळाली नाही. या दफ्तरातील काही रुमालांची नोंद अजून संगणकात व्हायची आहे.’ खाली एक बटण, ‘वाचनकक्षातील यादीची माहिती’. मुद्दाम दफ्तरात नसलेला कागद शोधायला लावला, तेव्हा एक आजोबा वाचून म्हणाले, ‘म्हणजे तिथं जाऊन विचारायला पाहिजे.’ आम्हाला नेमके हेच हवे होते. कागद सापडला नव्हता, पण आजोबांनी ‘नाही’ असा निष्कर्ष काढला नाही.

चाचणी किती माणसांवर घ्यावी, यावर निल्सन आणि टॉमस लँडॉवर यांच्या १९९३च्या अभ्यासापासून ‘पाच माणसे पुरेत’ असा एक मंत्र प्रचलित आहे. त्यांच्या हिशेबात एक माणूस सरासरीने ३१ टक्के दोष उघडे करतो, आणि पाच जणांत बहुतेक दोष निघतात. मंत्र म्हणताना लोक एक गोष्ट विसरतात : पाचही जण एकाच प्रकारचे असतील तर. आपल्याकडे अप्पा आणि ती मुलगी यांना एका गटात घालणे शक्य नाही. बडोद्यातल्या मराठी घरांची तिसरी-चौथी पिढी मराठी बोलते, पण मोबाइलवर रोमन अक्षरांत लिहिते, ‘ळ’साठी ‘एल’ वापरते. तिच्यासारखे पाच वेगळे बसवायला हवेत. आणि आमच्या या संख्येवरून कोणी टक्केवारी काढू नये. चौघांपैकी तीन म्हणजे ७५ टक्के, हे गणित बरोबर असले तरी ते लिहिण्यात अर्थ नाही. कागदी चाचणीला कॅप्चा आणि पान उघडायला लागणारा वेळही कळत नाही, ते तपासायचे राहिलेच आहे.

नावांच्या रूपांची ती ओळ आम्हाला कुठून सुचली, हेही सांगतो. सयाजीराव महाराजांनी १९१०मध्ये अमेरिकेतून विल्यम बॉर्डन या ग्रंथपालाला बडोद्यात आणले, त्याने इथल्या ग्रंथालयांची घडी बसवली. १९१२पासून ‘लायब्ररी मिसेलनी’ हे नियतकालिक इथून इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तीन भाषांत निघत असे. कार्डांच्या तालिकेत ‘पाहा’ नावाचे एक साधे कार्ड असते : एखादे नाव दुसऱ्या रूपाने नोंदले असेल, तर पहिल्या रूपाच्या जागी कार्ड घालायचे आणि त्यावर लिहायचे, ‘अमुक पाहा’. चार्ल्स कटरने या कार्डांचे नियम १८७६मध्येच छापले होते. वाचक कुठल्याही दाराने आला तरी परत जाता कामा नये, अशी ही योजना. महाराजांनी राज्यकारभारातल्या शब्दांचा ‘सयाजी शासन शब्दकल्पतरु’ करवून घेतला, १९३१मध्ये, आठ भाषांतला. एकाच गोष्टीला कचेऱ्यांतून वेगवेगळे शब्द असतात आणि त्यांची सांगड कोणी तरी घालून द्यावी लागते, ही जाण त्यामागे आहे. लाकडी कपाटे गेली, संगणक आला, आणि यात ‘पाहा’ कार्डे कोणी बरोबर घेतली नाहीत. कार्डे उतरवून घेणाऱ्याला ती नोंद वाटली नसावीत. त्यांच्यावर पुस्तकाचे नाव नसते ना.

एक आक्षेप येतो, आणि तो दफ्तरातल्याच एका जाणकारांनी घेतला : मूळ कागदावरचे नाव आणि साल बदलायला आमची तयारी नाही. त्यांच्याशी मी पूर्ण सहमत आहे. नोंद जशी आहे तशीच राहावी, अक्षरही हलवू नये. आमची सगळी मागणी नोंदीच्या वरच्या थराविषयी आहे. कार्डावरचा मजकूर न बदलता शेजारी दुसरे कार्ड घालण्यासारखे ते आहे.

आम्ही संस्थेला दोन पाने पाठवली. वीस सूचना पाठवल्या असत्या तर वीसही बासनात गेल्या असत्या, म्हणून क्रम लावला. पहिली मागणी शून्याच्या वाक्याची, कारण तिला पैसे लागत नाहीत, एक वाक्य पुसून दोन लिहायची. दुसरी विभागाच्या चांदणीची. तिसरी रीसेट बटण दूर नेऊन फिकट करण्याची. साल आणि नावे त्यानंतर. सोबत आमच्या कागदी स्क्रीनचे फोटो आणि कोण कुठे अडले याची टाचणे जोडली, नावे गाळून. उत्तर सौजन्याचे आले : देखभालीचे कंत्राट नव्याने होईल तेव्हा मुद्दे विचारात घेऊ. त्यावर आम्ही विचारले आहे की कंत्राटात ‘शोधसुविधा मान्य करण्यापूर्वी वाचकांकडून चालवून पाहिली जाईल’ असे कलम घालता येईल का, आणि तीन ओळींचा मसुदाही दिला आहे. त्याचे उत्तर यायचे आहे.

तोवर मंडळाच्या कुलवृत्तान्तांत ‘दफ्तरात आधार नाही’ असे लिहिणाऱ्याने कोणता शब्द, कोणत्या रूपात, कोणत्या सालाने आणि कोणत्या दिवशी शोधला हे तळटिपेत द्यावे, असे ठरले आहे. त्या घराण्याच्या पुरवणीला शुद्धिपत्र जोडले जात आहे. रोमन अक्षरांत लिहिणाऱ्या तरुणांसाठीची फेरी दिवाळीनंतर घेऊ. चार जण मिळाले आहेत, पाचवा हवा आहे. त्याला मोडी अजिबात येत नसावी, ही एकच अट.